समकालीन कलेचं प्रदर्शन पहिल्यांदा बघायला जाताना : ठाणे-नवी मुंबईहून निघणाऱ्यांसाठी

२०१७ च्या पावसाळ्यात मी पहिल्यांदा समकालीन कलेच्या एका खासगी गॅलरीत गेले आणि बारा मिनिटांत बाहेर पडले. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी हिशेबाचं काम करते. चित्रकलेशी माझा संबंध शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांपुरता. त्या दिवशी दालनात एक जवळजवळ कोरा वाटणारा कॅनव्हास होता, कोपऱ्यातल्या टीव्हीत एक बाई नुसती हात धूत होती आणि टेबलामागे बसलेल्या मुलीनं मान वर करून पाहिलंही नाही. मला राग आला. ठाण्याहून एवढं उभं राहून यायचं ते यासाठी? त्याच रात्री भांडी विसळताना मात्र लक्षात आलं, की त्या बाईनं हात धुताना बोटातली अंगठी काढली नव्हती. म्हणजे रागावलेली असतानाही मी काहीतरी नीट बघितलं होतं.

तेव्हापासून महिना-दोन महिन्यांतून एकदा मी जाते. आवडतंच असं नाही. बऱ्याचदा एकाच कामाबद्दल ओढ आणि चीड दोन्ही वाटतात. ही संमिश्र प्रतिक्रिया म्हणजे आपली कमतरता, आपल्याला कला कळत नाही त्याचा पुरावा, असं मला पहिली दोन वर्षं वाटायचं. आता वाटत नाही. ती तशीच जपून कशी आणायची, हे मला कुणी सांगितलं असतं तर माझ्या सात-आठ फेऱ्या वाया गेल्या नसत्या. ओळखीच्या बऱ्याच जणी विचारतात म्हणून सगळं एकदाच लिहून काढते आहे.

सोबत काय घ्यायचं

- छोटी वही आणि शिसपेन्सिल. चित्रांच्या जवळ शाईचं पेन काढलं तर काही ठिकाणी हटकतात, आणि ते बरोबरच आहे.
- ओळखपत्र. बहुतेक वेळा लागत नाही, पण सरकारी इमारतीत जवळ असलेलं बरं.
- वीस-पन्नासच्या सुट्या नोटा.
- लहान पिशवी. पाठीवरची मोठी सॅक दाराशी ठेवायला सांगतात, आणि ती पाठीवर घेऊन वळताना एखाद्या कामाला धक्का लागू शकतो.
- इअरफोन. काही व्हिडिओंचा आवाज स्कॅन करून आपल्या फोनवर ऐकायचा असतो.
- बंद होणारी पाण्याची बाटली. ती दालनात उघडायची नाही.
- पायांना सवयीच्या चपला. हे क्षुल्लक वाटेल, पण पाय दुखायला लागले की माणूस चित्रावर रागावतो.

१. आधी वार ठरवा, मग दालन

आपल्यासारख्या नोकरी करणाऱ्यांची मोठी चूक इथंच होते. सुट्टी रविवारची, म्हणून आपण रविवारी निघतो. कुलाबा-फोर्टमधल्या बहुतेक खासगी गॅलऱ्या रविवारी बंद असतात, काही सोमवारीही. मी एकदा आत्याला घेऊन रविवारी गेले आणि बंद दारासमोर उभं राहून परत आले. खासगी गॅलरीसाठी शनिवार धरा. दुसरा-चौथा शनिवार मोकळा असेल तर उत्तमच.

रविवारीच जमणार असेल तर काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी आहे. ती रोज सकाळी ११ ते संध्याकाळी ७ उघडी असते आणि प्रवेश विनामूल्य आहे. तिच्यासमोर रस्त्यापलीकडे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, म्हणजे एनजीएमए. ते सोमवारी बंद असतं आणि भारतीयांसाठी तिकीट २० रुपये आहे. मात्र एक प्रदर्शन उतरवून दुसरं लावायचं काम चालू असेल तर तिथं बघण्यासारखं फार काही नसतं, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं. १८७२ सालच्या त्या इमारतीत जुन्या मातीच्या बाहुल्या आणि नकाशे यांच्या शेजारी आजच्या कलाकारांची कामंही मांडतात. राणीच्या बागेत मुलांना न्यायचंच असतं, त्याला जोडून जमतं.

रविवारचा दुसरा सापळा म्हणजे मेगाब्लॉक. मध्य रेल्वेवर ब्लॉक असला की जलद गाड्या धीम्या मार्गावर येतात आणि ठाणे-सीएसएमटी प्रवास पाऊण तासावरून सव्वा तासावर जातो. वाशी-नेरूळ-बेलापूरवाल्यांची हार्बरही त्याच दिवशी अडते. शनिवारी संध्याकाळी ब्लॉकचं वेळापत्रक बघूनच बेत नक्की करा.

सीएसएमटीला उतरलात की टॅक्सी करू नका. डी. एन. रोडनं हुतात्मा चौक आणि पुढे काळा घोडा, वीस-पंचवीस मिनिटं लागतात. डोळे लोकलच्या गर्दीतून बाहेर यायला तेवढा वेळ लागतोच.

२. सुरुवात कुठून करायची

कुलाब्याच्या पांढऱ्या भिंतींच्या गॅलरीतून सुरुवात करू नका. मी केली होती.

आधी घराजवळ. कापूरबावडीला महापालिकेचं ठाणे कला भवन आहे. तिथं स्थानिक चित्रकारांची आणि कलाशिक्षकांची प्रदर्शनं लागतात. वर्षभर काही ना काही असेलच असं नाही, विचारून जा. बेलापूरवाल्यांना आर्टिस्ट व्हिलेज आहेच. चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी आखलेली ती वसाहत भिंतीवरचं चित्र नव्हे, पण घर, अंगण आणि मोकळी जागा यांची मांडणी बघत तासभर हिंडलात तर डोळ्यांना जागा वाचायची सवय लागते. पुढे मांडणशिल्प बघताना ती फार उपयोगी पडते. मांडणशिल्प म्हणजे ज्याच्या आत किंवा भोवती आपण चालतो, वस्तू, आवाज, उजेड सगळं मिळून झालेलं काम.

मग जहांगीर. १९५२ साली सुरू झालेलं हे दालन अजूनही नव्या माणसाला सगळ्यात कमी घाबरवतं. कारण तिथं दालनं भाड्यानं मिळतात, त्यासाठी चित्रकार वर्षानुवर्षं नंबर लावून थांबतात आणि स्वतः खुर्ची टाकून आपल्या चित्रांजवळ बसतात. एका दालनात बनारसचे घाट आणि धावते घोडे, शेजारच्या दालनात कुणीतरी गंजलेल्या पत्र्यावर केलेलं अतिशय गंभीर काम, असं चालतं. हा सरमिसळपणा काहींना खटकतो. नवशिक्याला तो फार कामाचा, कारण तुलना करायला मिळते. प्रदर्शनं बहुधा मंगळवार ते सोमवार अशी एकच आठवडा असतात. त्यामुळे 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणालात तर ते गेलं.

तिसऱ्या टप्प्यावर एनजीएमए. १९११ सालच्या सर कावसजी जहांगीर सभागृहाच्या आत हे संग्रहालय बसवलं आहे आणि १९९६ पासून ते चालू आहे. जिने चढत चढत वर जायचं, शेवटी घुमटाखालचं दालन. सगळं बघायचं ठरवलंत तर तिसऱ्या जिन्यावर दमाल. दोनच मजले ठरवा.

खासगी गॅलऱ्या चौथ्या. फोर्टमधली केमोल्ड प्रिस्कॉट रोड ही १९६३ साली जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर सुरू झाली होती. आता ती एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. कुलाब्यातही अशा बऱ्याच गॅलऱ्या जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर आहेत, आणि रस्त्यावरून त्यांची पाटी पटकन दिसत नाही. सोबत गुडघेदुखीचं माणूस असेल तर लिफ्ट आहे का, हे फोन करून विचारा. जानेवारीतला मुंबई गॅलरी वीकेंड ही पहिल्यांदा जाण्याची चांगली वेळ, कारण तेव्हा सगळ्यांचीच तयारी नवख्या पाहुण्यांसाठी असते.

३. दारातून आत शिरणं

दार बंद दिसतं, कारण आत एसी असतो. ढकला किंवा बेल वाजवा. तिकीट नसतं. काही ठिकाणी वहीत नाव लिहायला सांगतात, फोन नंबर द्यायलाच हवा असं नाही. काही विकत घ्यायला हवं असंही नाही, आणि तुम्ही घेणार नाही हे त्यांना ठाऊक असतं. तरी ते दालन उघडं ठेवतात. टेबलामागच्या माणसानं हसून स्वागत केलं नाही तर तो अपमान समजू नका. आधी तुम्हीच 'नमस्कार, बघायला आलोय' म्हणा. मराठीतच म्हणा. माझा अनुभव असा, की बहुतेक ठिकाणी एवढ्या एका वाक्यानं समोरचा माणूस उठून उभा राहतो.

फोटो काढायचा तर विचारून, आणि फ्लॅशशिवाय. पहिल्या फेरीत फोन पिशवीतच राहू द्या.

४. पहिली फेरी : काही न वाचता

हात मागे बांधा आणि सगळ्या दालनातून एकदा सावकाश फिरा. पाट्या, भिंतीवरचा मजकूर, छापील कागद, काही वाचू नका. कुठं पाय आपोआप थांबतात आणि कुठं आपण वेग वाढवतो, एवढंच लक्षात ठेवा. वेग वाढतो ती जागा जास्त महत्त्वाची असते, असं मला बऱ्याचदा जाणवलं आहे.

व्हिडिओ असेल तर तो मध्येच सुरू झालेला असतो, कारण तो फिरून फिरून लागतो. तीस सेकंद बघून निघू नका. पाटीवर किती मिनिटांचा आहे ते असतं, तेवढं मात्र बघून घ्या. आठ-दहा मिनिटांचा असेल तर पूर्ण बघा. चाळीस मिनिटांचा असेल तर दहा मिनिटं द्या आणि निर्धास्तपणे उठा. आवाजाच्या कामांचंही तसंच. शिल्पा गुप्ता यांचं एक काम आहे : अंधाऱ्या जागेत टांगलेले १०० मायक्रोफोन, त्यांखाली लोखंडी सळ्यांवर टोचलेले कवितेचे कागद. या कविता आपल्या लेखनामुळे किंवा विचारांमुळे तुरुंगात गेलेल्या १०० कवींच्या. एक आवाज ओळ म्हणतो आणि बाकीचे ती उचलतात. दोन मिनिटं उभं राहिलं तर नुसता गलबला ऐकू येईल.

५. एकच काम निवडा आणि दहा मिनिटं थांबा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि बहुतेक जण हीच गाळतात. दहा मिनिटं हा फार मोठा वेळ असतो. पहिल्या दोन मिनिटांत आपण सगळं बघितलं असं वाटतं. चौथ्या मिनिटाला कंटाळा येतो. सहाव्या-सातव्या मिनिटाला आधी न दिसलेलं दिसायला लागतं.

माझं उदाहरण देते. एका गॅलरीत जमिनीवर मंगलोरी कौलं मांडली होती. दोनशे-अडीचशे असतील, ओळीत, उताणी. कोपऱ्यातल्या छोट्या स्पीकरमधून मधूनच कुकरची शिट्टी. बस्स. माझी पहिली प्रतिक्रिया शुद्ध वैतागाची होती. नौपाड्यात आमचं कौलारू घर होतं, ते पाडून तिथं इमारत झाली. गेली कित्येक वर्षं ठाण्यात रोज कुठंतरी डेब्रिजचे ट्रक भरताना दिसतात. तेच डेब्रिज इथं एसीत कशाला बघायचं?

पण दहा मिनिटांचा नियम मी स्वतःला घालून घेतला होता, म्हणून थांबले. पाचेक मिनिटांनी दिसलं, की प्रत्येक कौलाच्या कडेला खडूनं नंबर घातला आहे. पुनर्विकासाच्या आधी सर्व्हेवाले येऊन दारावर घालतात तसा. आमच्या दारावर १७ होता. मी १७ नंबरचं कौल शोधायला लागले. ते तिथं नव्हतंच. १६ नंतर थेट १८. मुद्दाम की चुकून, मला आजही माहीत नाही. पण मी खाली वाकून, गुडघ्यावर हात ठेवून, एका अनोळखी माणसानं मांडलेल्या कौलांमध्ये माझ्या घराचा नंबर शोधत होते.

पुढच्या शनिवारी मी आत्याला घेऊन गेले. तिचं अर्धं आयुष्य त्याच घरात गेलं. ती कौलांकडे बघून म्हणाली, "अगं, गळायचं तिथं आपण डांबर लावायचो, ते कुठंय?" आणि खरंच शोधत हिंडली. एका कौलावर काळा डाग सापडला तेव्हा लहान मुलीसारखी खूश झाली. मग बाकावर बसली आणि शांतपणे म्हणाली, "पण हे खाली मांडायला नको होतं. डोक्यावरची वस्तू आहे ती. पायाशी बघवत नाही."

मला ही दोन्ही वाक्यं तितकीच खरी वाटली. त्यांतलं एक खोडून दुसरं ठेवायची मला गरज वाटली नाही.

६. वहीत दोन रकाने करा

दहा मिनिटं झाली की वही काढा. पानाच्या मध्ये उभी रेघ मारा. डावीकडे 'ओढलं', उजवीकडे 'अडलं'. दोन्हीकडे किमान तीन-तीन गोष्टी लिहायच्या. हीच अट आहे. फार आवडलेल्या कामातही तीन अडलेल्या गोष्टी शोधायच्या, आणि संताप आलेल्या कामातही तीन ओढलेल्या.

कौलांच्या पानावर माझ्या डाव्या रकान्यात होतं : खडूचे नंबर. कुकरची शिट्टी, कारण ती कधी येईल ते कळत नाही आणि घरात तशीच यायची. ओळींमधली चालायची अरुंद जागा, चाळीच्या गॅलरीएवढी. उजवीकडे : कौलं धुऊन पुसून मांडली आहेत, धूळ नाही, शेवाळ नाही. त्या घरांतल्या माणसांचा कुठंच उल्लेख नाही. आणि किंमत. यादीत ती बघितली तेव्हा मला वाईट वाटलं, कारण आमच्या घराची कौलं भंगारवाल्यानंही नेली नव्हती.

रकान्यांत 'छान', 'भारी', 'बकवास' असे शब्द चालणार नाहीत. वस्तूचं नाव लिहा. 'रंग आवडले' नको. 'खालच्या डाव्या कोपऱ्यातला गंजासारखा तांबडा' हवं. या एका सवयीनं जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही पुस्तकानं पडला नसता, असं मी नक्की सांगू शकते.

७. आता पाटी वाचा

पाटीवर क्रमानं असतं : कलाकाराचं नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम, माप. मापात बहुधा उंची आधी आणि रुंदी नंतर. 'अनटायटल्ड' म्हणजे नाव द्यायला विसरले असं नव्हे, नावामुळे तुमची नजर एका दिशेला वळू नये म्हणून ते टाळलेलं असतं. छायाचित्र किंवा मुद्राचित्र (ठशावरून छापलेलं चित्र) असेल तर 'एडिशन ५' म्हणजे तशा पाचच प्रती काढल्या. त्यापुढचं 'एपी' म्हणजे कलाकारानं स्वतःसाठी ठेवलेली जादा प्रत. शेजारी लाल ठिपका असेल तर ते काम विकलं गेलं आहे.

माध्यम मात्र लक्षपूर्वक वाचा. पुष्कळदा सगळा उलगडा तिथंच होतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या खाणकामगार कुटुंबातले प्रभाकर पाचपुते भिंतभर चारकोलनं, म्हणजे लाकडी कोळशानं, चित्रं काढतात. ज्या कोळशाच्या खाणीवर घर चाललं, तिची आठवण करून देणाऱ्या काळ्या वस्तूनं ते माणसं आणि उकरलेली जमीन काढतात. 'चारकोल' हा एक शब्द वाचून मी पुन्हा मागे सरकून तशी भिंत बघितली आहे.

भिंतीवरचा लांब मजकूर सगळ्यात शेवटी. तो बहुतेक इंग्रजीत असतो आणि इंग्रजी उत्तम येणाऱ्यांनाही तो जड जातो, हे मी खात्रीनं सांगते. त्यातली फक्त ठोस नामं शोधा : गाव, नदी, वर्ष, वस्तू, माणूस. 'प्रश्न उपस्थित करतं', 'अवकाशाची पुनर्मांडणी करतं' अशी वाक्यं सोडून द्या. मजकूर जे म्हणतो ते तुम्हाला कामात दिसलं नाही, तर तेही उजव्या रकान्यात लिहा. ही तक्रार रास्त आहे.

८. 'हे तर कुणीही करेल' असं वाटलं तर

वाटणारच. मलाही अजून वाटतं. हा विचार दाबू नका, त्याची दोन भागांत चौकशी करा.

काम हातानं रंगवलेलं असेल तर : हे खरंच कसं केलं असेल? वासुदेव गायतोंडे यांचं एखादं चित्र समोर आलं तर आधी एका रंगाचा धुरकट पट्टा दिसतो. १९२४ साली नागपूरला जन्मलेला, जे. जे. मध्ये शिकलेला हा चित्रकार वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं पूर्ण करायचा. रोलर आणि पॅलेट नाइफ वापरून थर चढवायचे, थोडे काढून टाकायचे, पुन्हा चढवायचे. त्यांना 'अमूर्त' हा शब्दही पसंत नव्हता. बाजूला सरकून, कॅनव्हासच्या कडेकडून तिरप्या नजरेनं बघा. खालचे थर तिथून उमटतात. मग घरी रोलर घेऊन तसं करून बघता येईल का, असं स्वतःला विचारा.

काम नुसती उचलून ठेवलेली वस्तू असेल तर प्रश्न बदलतो : ही वस्तू, इथंच, का? १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये मार्सेल द्युशाँ यांनी दुकानातलं एक मुतारीचं भांडं आडवं करून, त्यावर 'आर. मट' अशी सही करून प्रदर्शनासाठी पाठवलं. शुल्क भरेल त्याचं काम लावायचं असा त्या प्रदर्शनाचा नियम होता, तरी ते लावलं नाही. तेव्हापासूनचा हा वाद आहे. म्हणजे तुम्हाला आलेला राग शंभराहून अधिक वर्षं जुना आहे आणि तो कलेच्या बाहेरचा नाही.

एवढी चौकशी करूनही 'यात काही नाही' असं वाटलं तर ते तसंच लिहा. पोकळ कामंही असतात. प्रत्येक पांढऱ्या भिंतीवरचं काम थोर मानायची सक्ती कुणी केलेली नाही.

९. राग, किळस, अस्वस्थता

काही कामं बघवत नाहीत. घाटकोपरला वाढलेले अतुल दोडिया यांनी दुकानांच्या लोखंडी शटरवर चित्रं काढली आहेत. २००२ सालच्या त्यांच्या एका कामात शटरवर महालक्ष्मी आहे, आणि शटर वर केलं की मागे गळफास घेतलेल्या तीन बहिणी, हुंड्यापायी गेलेल्या. दिवाळीत दुकानाच्या शटरवर लक्ष्मीचं चित्र बघणाऱ्या आपल्यासारख्यांना ते सहन होणं कठीण आहे. अशा वेळी बाहेर या. पाणी प्या. परत आत जायचंच असं बंधन नाही. मुलं सोबत असतील तर पहिली फेरी तुमच्यापैकी एकानं एकट्यानं करून यावी. आत काय आहे हे दाराशी नेहमीच लिहिलेलं नसतं.

अस्वस्थतेचा आणखी एक प्रकार असतो, तो ओळखीतून येतो. १९७५ पासून तीस वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करता करता सुधीर पटवर्धन यांनी इथलीच माणसं, रस्ते, पूल आणि लोकल रंगवली. २०१९ च्या अखेरीस एनजीएमएत त्यांच्या चित्रांचं मोठं सिंहावलोकन लागलं होतं. मजल्यामागून मजला चढताना मला पोखरणचा रस्ता, टेकड्या आणि इमारतींची गर्दी भेटत गेली. आपलं ठाणं एवढ्या मोठ्या कॅनव्हासवर बघून ऊर भरून आला, हे खरं. आणि त्या चित्रांतली माणसं इतकी थकलेली, जड, एकमेकांना खेटून तरी एकटी होती, की 'आम्ही असे दिसतो?' असं मनात येऊन मी दुखावले, हेही खरं. परतताना लोकलमध्ये समोरच्या बाकावरच्या बायकांकडे बघितलं. आम्ही तशाच दिसत होतो. तरीही ते दुखणं पूर्ण गेलं नाही, आणि ते पान मी खोडलेलं नाही. पटवर्धनांबद्दल एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. २००८-०९ च्या सुमारास त्यांनी समकालीन चित्रांचं फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांमध्ये नेलं होतं. आपल्या गावापर्यंत चित्रं यावीत असं एका चित्रकाराला वाटलं, म्हणून मलाही आपण चित्रांपर्यंत जावं असं वाटतं.

१०. कुणाला काय विचारायचं

जहांगीरमध्ये चित्रकार समोर असेल तर 'अर्थ काय?' आणि 'किती दिवस लागले?' हे दोन प्रश्न मागे ठेवा. त्यांची उत्तरं पाठ झालेली असतात. 'हे आधी ठरलं होतं की करता करता आलं?' असं विचारा. किंवा 'यात नंतर पुसलेलं काय आहे?' या दुसऱ्या प्रश्नावर एका तरुण चित्रकारानं मला अर्धा तास उभं करून बोलून दाखवलं आहे.

गॅलरीत टेबलावर प्रदर्शनाचा माहितीकागद मागा. किमतीची यादीही मागता येते, घ्यायचं नसलं तरी. आणि पहारेकऱ्याशी जरूर बोला. तो त्या कामांजवळ दिवसाचे आठ तास असतो. 'लोक जास्त वेळ कुठं थांबतात?' एवढं विचारा. कौलांच्या दालनातल्या रखवालदारानं मला सांगितलं होतं, की बरेच जण आपला नंबर शोधतात.

सोबतच्या माणसाशी मात्र दालनात चर्चा करू नका. एकाचं मत दुसऱ्यावर लगेच चढतं. मी आणि माझी मैत्रीण वेगवेगळ्या फिरतो आणि बाहेर चहा घेताना वह्या बदलतो. तिचा डावा रकाना कितीदा तरी माझा उजवा असतो.

११. परतीच्या गाडीत

सीएसएमटीहून ठाणे लोकल पकडा. धीमी असते, तासभर लागतो, पण बसायला मिळतं. भायखळा येईपर्यंत काही लिहू नका. मग वही काढून न बघता आठवेल तेवढं लिहा, आणि नंतर दालनात लिहिलेल्याशी ताडून बघा. जे दोन्हीकडे आहे ते तुमचं. जे फक्त आठवणीत आलं, अंगठीसारखं, त्याखाली रेघ मारा.

खासगी गॅलरीतलं प्रदर्शन महिनाभर तरी असतं. जमलं तर त्याच कामासाठी पुन्हा एकदा जा, आणि या वेळी त्या वस्तूशी खरोखर संबंध आलेलं माणूस सोबत न्या. लाकडाचं काम असेल तर सुतारकाम जाणणारं, शिवलेलं असेल तर शिवणकाम करणारं. आत्या आता मला विचारते, "पुढचा शनिवार मोकळा आहे का?" मागच्या वेळी तिनं लिफ्ट आहे का हे स्वतःच फोन करून विचारलं, आणि पिशवीत दोन पेन्सिली घेऊन आली.